हात वेगळा, मोजे वेगळे

वाघजाईचं केंद्र बंद करावं, अशी शिफारस केंद्रांचे निकाल मोजणाऱ्या मॉडेलने केली तेव्हा महामंडळात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. घाटमाथ्यावरचं ते लहानसं केंद्र गेलं वर्षभर रेषेच्या खालीच रेंगाळत होतं. रेषेच्या खाली म्हणजे जितकी बाळं तिथे वाचायला हवी होती, तितकी वाचत नव्हती. दिवसभराच्या कामात ऋतुजा चौगुलेने शिफारस वाचली, पुढे पाठवायच्या कागदांत ठेवली आणि जेवायला घरी गेली.

मॉडेल तिनेच लिहिलेलं होतं.

बालजीवन महामंडळाची दक्षिण महाराष्ट्रात बारा केंद्रं होती. बावीस-तेवीस आठवड्यांत जन्माला येणाऱ्या बाळाची फुप्फुसं हवा घ्यायला तयार नसतात. पूर्वी अशी बहुतेक बाळं जात. आता त्यांना हवेत आणतच नव्हते. शस्त्रक्रियेने बाळ बाहेर काढलं की कोमट द्रवाने भरलेल्या पारदर्शक पिशवीत सरकवायचं आणि त्याच्या नाळेतल्या तीन रक्तवाहिन्या यंत्राला जोडायच्या. आईच्या पोटात वार जे काम करते, ते मग यंत्र करी. कागदोपत्री त्याला कृत्रिम गर्भाशय म्हणत. लोक पाणपिशवी म्हणत. दहा-बारा आठवडे बाळ त्या पिशवीत हातपाय हलवत वाढे, आणि एक दिवस रडत बाहेर येई.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट नाळजोडणी. गवताच्या काडीएवढ्या त्या वाहिन्या बोटाचा धक्का लागला तरी आकसून बंद होतात. मोजक्या मिनिटांत तिन्ही नळ्या बसल्या पाहिजेत, आणि पहिल्याच खेपेला बसल्या पाहिजेत. हे काम खास शिकवलेल्या परिचारिका करत, आणि त्यांना मदत होती ती हातमोज्यांची. मोज्यांत विणलेले बारीक तंतू बोटांची प्रत्येक हालचाल टिपत आणि गरज पडली तर बोटाला हलकासा रेटा देत. वापरत जावं तसे मोजे शिकत जात. रेटा कधी द्यायचा, किती द्यायचा, कधी गप्प बसायचं, हे प्रत्येकीचे मोजे तिच्याच हाताकडून शिकत. म्हणून एकीचे मोजे दुसरीने घालायचे नाहीत, असा नियम होता.

घरी ताटं वाढून झाली होती. ऋतुजाची मोठी जाऊ, शुभांगी चौगुले, पंधरा वर्षं नाळजोडणी करत होती. घरात आणि केंद्रांवर सगळे तिला अक्काच म्हणत. अक्कांचं बोलणं जुन्या कोल्हापूरकर बायकांसारखं, 'मी आलो, मी गेलो' असं.

"वाघजाईला कुलूप लावताय म्हणे?" अक्कांनी विचारलं.

"अजून नक्की नाही."

"परवा तिकडंच होतो मी. खोल्या स्वच्छ, वीज जात नाही, डॉक्टर वेळेवर. वाईट काय आहे गं तिथं?"

"मला ते दिसत नाही, अक्का. मला फक्त निकाल दिसतो."

"ते बंद केलं तर खालच्या वाड्यांतल्या बायांनी कुठं जायचं? घाट ओलांडेपर्यंत बाळ राहतंय व्हय?"

ऋतुजाला ते माहीत होतं. शिफारशीसोबत जोडलेल्या टिपणात तिने स्वतःच ते लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवटची तपासणी म्हणून तिने मूळ नोंदी उघडल्या. एरवी हे काम आपोआप होई. प्रत्येक केंद्राने आपल्या परिचारिकांना एकपासून पुढे क्रमांक दिलेले होते. वाघजाईची चार नंबर, कराडची दोन नंबर, सावंतवाडीची सात नंबर. सह्या बघताना तिच्या लक्षात आलं की या तिन्ही एकच बाई आहेत, आणि ती बाई तिच्याच घरात राहते.

मॉडेल लिहिलं तेव्हा परिचारिका एकाच केंद्राला बांधलेल्या असत. तालमीतला पैलवान जसा त्या तालमीचाच, तशी परिचारिका त्या केंद्राचीच, असं धरून ऋतुजाने मांडणी केली होती. बाळांचा हिशोब परिचारिकेच्या पोटात, परिचारिकेचा केंद्राच्या पोटात. पुढे माणसं कमी पडली आणि फिरत्या नेमणुका सुरू झाल्या. आता परिचारिका कुस्ती लावणाऱ्या पंचासारख्या झाल्या होत्या. आज या मैदानात, उद्या त्या मैदानात. पंच कुठल्याच तालमीच्या पोटात बसत नाही. केंद्रं उभे धागे असतील तर परिचारिका आडवे धागे होत्या, आणि प्रत्येक बाळ कुठल्या तरी उभ्या-आडव्या गाठीवर होतं. मॉडेलला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका बाईला ते वेगवेगळ्या बायका समजत होतं.

याने एक मोठा घोटाळा होत होता. असं मॉडेल थोड्या माहितीवर कुणाला दोषी ठरवत नाही. ज्या माणसाची माहिती कमी, त्याचा आकडा ते सरासरीकडे ओढतं, आणि ते न्यायाचंच असतं. पण अक्कांचं काम अनेक तुकड्यांत वाटलं गेल्यामुळे प्रत्येक तुकडा लहान दिसत होता, प्रत्येक तुकडा सरासरीकडे ओढला जात होता, आणि उरलेला दोष केंद्राच्या माथी बसत होता. वाघजाईच्या माथी सगळ्यात जास्त, कारण घाटात जायला सहसा कुणी तयार नसे आणि अक्का नेहमी हो म्हणत.

ऋतुजाने प्रत्येक परिचारिकेला एकच क्रमांक दिला, परिचारिका आणि केंद्रं एकमेकांत आडवी-उभी बसवली, आणि मॉडेल पुन्हा चालवलं. बाळांचे आठवडे, वजन, आईची प्रकृती या सगळ्याचा हिशोब आधीच धरलेला होता. उत्तर यायला चहा संपण्याइतकाही वेळ लागला नाही.

वाघजाईचं केंद्र चांगल्यांपैकी एक निघालं. रेषेखाली एकच नाव होतं. शुभांगी चौगुले.

ऋतुजाने खुर्ची मागे सरकवली. नंतर ती पुन्हा पुढे घेऊन तिने सगळं परत तपासलं. उत्तर बदललं नाही. तेव्हा ती उठली आणि विभागप्रमुख डॉ. इम्तियाज मुजावर यांच्या खोलीत गेली.

मुजावरांनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"नवीन मांडणी बरोबर आहे?"

"हो सर. जुनी चूक होती."

"मग वाघजाई वाचलं. आणि ही बाई नियमाप्रमाणे कामावरून दूर. मोजे जमा करून त्यांचं शिकलेलं पुसून टाकायचं." त्यांनी नाव पुन्हा वाचलं. "तुमच्यातलीच का कुणी?"

"माझी मोठी जाऊ."

मुजावरांनी दोन्ही कागद स्वतःकडे ओढले. "मग इथून पुढे या आकड्यांना तू हात लावायचा नाहीस. पुण्याच्या संख्याशास्त्रज्ञ देवस्थळीबाईंकडे पाठवतो मी."

"पाठवा. पण एक गोष्ट सांगू द्या. हे उत्तरही अर्धंच आहे."

"कसं?"

"एक माणूस कायम एकच गाडी चालवतो. रोज उशिरा पोचतो. दोष माणसाचा की गाडीचा? तुम्ही कितीही वर्षं नोंदी ठेवा, कळणार नाही. दुसऱ्याने ती गाडी चालवली आणि त्याने दुसरी चालवली, तरच कळेल. अक्कांच्या हातात कायम अक्कांचेच मोजे आहेत. आपण ज्याला परिचारिकेचा आकडा म्हणतो, तो हात अधिक मोजे, असा आहे. मोजे बिघडले असतील तर आपण नको त्या माणसाला काढतोय."

"ऋतुजा," मुजावर शांतपणे म्हणाले, "आधी तुझ्या मॉडेलने केंद्राला दोष दिला. आता माणसाला देतंय. तू म्हणतेस मोज्यांना दे. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर काय म्हणाला असता?"

"मी घरच्या माणसाला वाचवतेय असं म्हणाला असता."

"वाचवतेयस?"

"माहीत नाही, सर. पण पुसलेले मोजे परत आणता येणार नाहीत, एवढं माहीत आहे."

मुजावर म्हणाले, "बाळांवर प्रयोग होणार नाही."

"नकोच. नेहमीच्या बाळंतपणांनंतर वार आणि नाळ टाकूनच देतात. शिकणाऱ्या परिचारिका त्याच नाळेवर सराव करतात. आयांची परवानगी घेऊन त्यावरच करू. सगळ्या जणी, सगळे मोजे, अदलाबदल करून."

"आणि तुझी जाऊ तयार झाली नाही तर?"

"तर नियम आहेच."

अक्कांना सांगायचं काम ऋतुजाने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. रविवारी सकाळी दोघींचे नवरे बाहेर गेलेले असताना ती स्वयंपाकघरात गेली. अक्का मेथी निवडत होत्या. ऋतुजाने काही न लपवता सांगितलं. केंद्राचं, क्रमांकांचं, नव्या उत्तराचं.

अक्कांचे हात थांबले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"माझ्यामुळं किती गेली?"

"ते मॉडेल सांगू शकत नाही, अक्का. हे बाळ तुमच्यामुळे गेलं आणि ते नाही, असं त्यातून निघत नाही. तुमच्या जागी सरासरी परिचारिका असती तर एकूण थोडी जास्त वाचली असती, एवढंच."

"थोडी म्हणजे?"

ऋतुजाने आकडा सांगितला. तो लहान होता. एका हाताच्या बोटांवर मावणारा. अक्कांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसले. त्या रडल्या नाहीत.

"घरात सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"आणि मोजे निर्दोष निघाले तर?"

"तर हात."

"बरं," अक्का म्हणाल्या. मग, "मला आधीच काढून टाक म्हणालो तर? ही परीक्षा कशाला? सगळ्या पोरींसमोर?"

"तुम्हाला नको असेल तर नाही करणार. पण मग तुमचे मोजे पुसतील. दोष त्यांचाच असेल तर पुसलेलं बरं. नसेल तर पंधरा वर्षांचं शिकलेलं सगळं जाईल."

अक्कांनी जुडी पुन्हा उचलली आणि दोन काड्या निवडल्या. "तू माझ्या जागी असतीस तर?"

"मी तुमच्या जागी नाही, अक्का. मी काही बोलणं बरोबर नाही."

"हे आधी बोलायचं होतंस की. मोजायला लागायच्या आधी." ते त्या हसून बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "येतो मी परीक्षेला."

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं उरलं. अक्का ताट वाढत, भाजीत मीठ कमी आहे का विचारत, आणि वर आपल्या खोलीत जात. ऋतुजाच्या नवऱ्याने एकदा विचारलं, तुमचं काही बिनसलंय का? ती म्हणाली, ऑफिसचं आहे.

ही परीक्षा कोल्हापूरच्या शिक्षण केंद्रात झाली. निरनिराळ्या केंद्रांतल्या परिचारिका आल्या होत्या. कुणी कुणाचे मोजे कधी घालायचे, हे पुण्याहून ठरून आलं होतं. प्रत्येकीला आपल्या मोज्यांत काम करायचं होतं आणि मग इतरांच्या. ऋतुजाला आत यायची मुभा नव्हती. ती काचेबाहेर बसली.

पहिला दिवस चिडचिडीत गेला. दुसऱ्याची चप्पल घालून डोंगर चढायला लावल्यासारखं वाटतंय, असं एक जण म्हणाली. नळ्या निसटत होत्या, वाहिन्या फाटत होत्या. आपल्या मोज्यांत मात्र सगळ्या झपाझप काम करत. अक्काही. त्यांच्या मोज्यांत त्यांचे हात इतके निवांत चालत होते की बाहेर बसलेल्या ऋतुजाला वाटलं, आपण पुन्हा एकदा चुकलोय.

मग अक्कांनी प्रणिता कांबळेचे मोजे घातले. प्रणिता दहा वर्षं हे काम करणारी, शांत डोक्याची बाई. तिच्या मोज्यांबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. अक्कांनी चिमट्यात वाहिनी धरली, नळी जवळ नेली, आणि नळीचं टोक वाहिनीच्या तोंडाशी थरथरत राहिलं. आत जाईना. अक्कांनी श्वास सोडला, पुन्हा धरलं. टोक थरथरतच राहिलं. वाहिनी आकसली.

अक्कांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा हात टेबलावर राहिलेला दिसावा, तसं.

"दुसरी नाळ द्या," त्या म्हणाल्या. उरलेले सगळे मोजे त्यांनी घातले. एकदाही थांबल्या नाहीत. बहुतेक वेळा नळी बसली नाही.

अक्कांचे मोजे प्रणिताच्या हातात गेले ते दुसऱ्या दिवशी. तिने पहिली नळी बसवली आणि मान वर केली.

"काय झालं?" देखरेख करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. लहानपणी शाळेत बाई मागे उभ्या राहून हात धरून गिरवायला लावायच्या, तसं वाटतंय." तिने दुसरी बसवली, तिसरी बसवली. कुठली वाहिनी आकसली नाही. तिच्यानंतर इतर जणींनीही ते मोजे घातले आणि कुणालाच ते परके वाटले नाहीत.

देवस्थळीबाईंचा अहवाल आला तेव्हा मुजावरांनी दोघींना एकत्र बोलावलं. अक्का इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या.

"स्पष्ट सांगतो," मुजावर म्हणाले. "हात आणि मोजे आता वेगळे झालेत. हातांमध्ये तुमचा आकडा सगळ्यात खाली आहे. मोज्यांमध्ये तुमच्या मोज्यांचा सगळ्यात वर. इतका वर की आधी बाईंना वाटलं, काहीतरी चुकलंय. दोन्हींची बेरीज रेषेच्या जरा खाली यायची. आजवर आपल्याला फक्त ती बेरीज दिसत होती."

"म्हणजे मोजे मला झाकत होते," अक्का म्हणाल्या.

"सांभाळत होते. तुमच्या हाताला कंप कधीपासून आहे?"

"कामात मला कधी जाणवला नाही," अक्का म्हणाल्या. "घरी जाणवायचा. सुईत दोरा ओवायचं सोडून दिलं होतं. म्हटलं, डोळे गेले असतील."

मेंदूच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात निदान केलं. कंपवाताची सुरुवात, अगदी पहिली पायरी. डॉक्टरांनी मोज्यांतल्या नोंदी मागवून घेतल्या, तेव्हा बाकीचं उलगडलं. हाताला पहिला सूक्ष्म कंप आला तेव्हा मोज्यांनी तो ओळखला आणि उलटा रेटा देऊन मिटवला. कंप वाढत गेला, मोजे शिकत गेले. धड हाताकडून ते आधी बारा वर्षं कौशल्य शिकले होते, मग बिघडत्या हाताकडून सावरणं शिकले. इतर कुणाच्या मोज्यांना हे दुसरं शिक्षण कधी मिळालंच नव्हतं. म्हणून थकलेल्या, घाबरलेल्या, नवख्या अशा कुठल्याही हाताला ते सावरून घेत. फक्त अक्कांचा हात त्यांना आता पुरता आवरत नव्हता.

वाघजाई सुरू राहिलं. अक्का कामावरून दूर झाल्या. मोजे पुसायचा नियम त्या एका जोडीपुरता बाजूला ठेवावा लागला, आणि पुढे तो नियमच गेला. महामंडळाने त्या मोज्यांच्या प्रती करायचं ठरवलं. त्यासाठी अक्कांची संमती लागत होती. मुजावर स्वतः घरी आले.

"नाव काय देणार?" अक्कांनी विचारलं.

"नाव नाही देत आम्ही. क्रमांक असतो."

"तेच बरं," म्हणून अक्कांनी सही केली. सही करायला त्यांना वेळ लागला. मुजावर तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

सहा महिने गेले. गोळ्यांनी कंप थोडा आटोक्यात आला, पण गेला नाही. अक्का बागकाम करू लागल्या. ऋतुजाशी त्यांचं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं, म्हणजे जवळजवळ. मधूनच बोलता बोलता त्या गप्प होत, आणि त्या वेळी त्या काय मोजत असतील, हे ऋतुजाला कळे. तीही तोच आकडा मोजत असे.

एका दुपारी ऋतुजा नव्या तिमाहीचा निकाल घेऊन घरी आली. मॉडेल आता नव्याने लिहिलं होतं. केंद्रं, हात आणि मोजे, तिन्ही एकमेकांत आडवे-उभे. चहा टाकता टाकता तिने सांगितलं, वाघजाई पहिल्या तिघांत आलं. गेल्या महिन्यात खालच्या वाडीतली एक बाई तेविसाव्या आठवड्यात आली होती. प्रणिताने जोडणी केली. बाळ पिशवीत छान आहे, उचकी घेतं.

"माझ्या मोज्यांत?"

"मूळ जोडी खास परवानगीने प्रणिताकडेच आहे."

"मग तुझ्या त्या यादीत ते बाळ कुणाच्या नावावर?"

"कुणा एकाच्या नाही. केंद्र वाघजाई, हात प्रणिताचा, मोजे तुमचे."

"माणसांत मी नाही?"

"नाही. मोज्यांत आहात."

अक्कांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली पिटुनियाच्या कुंड्या ओळीने लावलेल्या होत्या, ओळ थोडी वाकडी होती.

"आणि ती जी गेली," त्या म्हणाल्या, "ती अजून माणसांतच ना? माझ्या नावावर?"

"जुन्या नोंदी बदलत नाहीत, अक्का."

"नकोतच बदलायला."

ऋतुजाने दोन कप मांडले. आपला भरला. अक्कांचा निम्म्यावर आणला आणि हात आखडता घेतला.

अक्कांनी कपात डोकावून पाहिलं.

"पूर्ण भर की," त्या म्हणाल्या. "सांडला तर सांडला."